एकाचा जीव आणि अनेकांचे हित

खर्च-लाभ विश्लेषणाचा धडा शिकविताना प्रस्तुत लेखक गेली काही वर्षे एक उदाहरण हटकून देतो. ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही, एका अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेत आहे. ‘स्टार ट्रेक’ ही ती मालिका अमेरिकेत १९६६ ते १९६९ या काळात दाखविली गेली आणि पुढे १९८०च्या दशकात आपल्या दूरदर्शनवरही आली. अंतराळातील साहसकथा म्हणून बालवयात डोळे विस्फारून पाहिलेली ही मालिका प्रौढपणी पुन्हा पाहताना असे जाणवले की, तिच्यातील यंत्रांपेक्षा माणसांचे हिशेब अधिक विचार करण्याजोगे आहेत.

१५ सप्टेंबर १९६७ रोजी प्रक्षेपित झालेला ‘अमॉक टाइम’ हा भाग घ्या. ‘एंटरप्राइज’ या तारायानावरील विज्ञान अधिकारी स्पॉक याची आई पृथ्वीवरची, वडील व्हल्कन ग्रहावरचे. भावनेला थारा न देता केवळ तर्काने जगणे हा व्हल्कनवासीयांचा आचारधर्म. असा हा संयमी गृहस्थ एकाएकी चिडखोर होतो, परिचारिकेने आपुलकीने आणलेले सूप भिरकावून देतो, त्याचा हात थरथरू लागतो. डॉक्टर मॅकॉय त्याला तपासतात आणि कप्तान कर्क याला बजावतात की, काही दिवसांत हा आपल्या ग्रहावर पोहोचला नाही तर जगणार नाही. कारण स्पॉक सांगू इच्छित नाही. पुष्कळ आढेवेढे घेतल्यावर कळते ते असे की, व्हल्कनवासीयांना ठरावीक काळाने विवाहबंधनासाठी मायभूमीकडे खेचून नेणारी ही अनावर शारीरिक ओढ आहे आणि तिच्याविषयी परक्यापाशी बोलणे त्यांना मरणाहून लाजिरवाणे वाटते.

इकडे वरिष्ठांचा हुकूम स्पष्ट आहे. एका ग्रहाच्या नव्या अध्यक्षाच्या अधिकारग्रहण समारंभास ‘एंटरप्राइज’ने वेळेवर उपस्थित राहायचे आहे. कर्क परवानगी मागतो, ती नाकारली जाते. स्पॉकचे गुपित फोडायचे नसल्यामुळे खरे कारण त्याला सांगता येत नाही, हीही यातली एक गोम. अखेर तो हुकूम मोडतो आणि यान व्हल्कनकडे वळवितो. आपली नोकरी जाईल हे त्याला ठाऊक आहे. मात्र समर्थन तो कसे करतो ते पाहण्यासारखे आहे. या माणसाने माझा जीव डझनभर वेळा वाचविला आहे, तेव्हा एवढी किंमत मोजणे रास्तच होय, असा त्याचा युक्तिवाद. म्हणजे मित्रप्रेमाने धावणारा हा माणूसदेखील भाषा वापरतो ती जमाखर्चाचीच! (शेवटी व्हल्कनमधील एका वजनदार वृद्धेच्या शब्दाखातर वरिष्ठांकडून या वळणास मान्यता मिळते. कार्योत्तर मंजुरीचे महत्त्व ज्यांनी कचेरीत अनुभवले आहे, त्यांना हे निराळे समजावून सांगावयास नको.)

समारंभ एका पारड्यात आणि मित्राचा जीव दुसऱ्या पारड्यात असला, म्हणजे निर्णय सोपा असतो. तराजूची खरी परीक्षा त्याच वर्षीच्या ५ जानेवारीस दाखविलेल्या ‘द गॅलिलिओ सेव्हन’ या भागात आहे. स्पॉक आणि सहा सहकारी एका छोट्या यानातून निघतात व अनोळखी ग्रहावर अडकून पडतात. त्याच वेळी ‘एंटरप्राइज’वर साथीच्या रोगावरील औषधे आहेत आणि दूरच्या एका वसाहतीत ती पोहोचण्याची वाट रुग्ण पाहात आहेत. यानावरील एक उच्चाधिकारी घड्याळ हातात धरून कप्तानास क्षणोक्षणी त्यांची आठवण करून देतो. पटकथाकारांनी या अधिकाऱ्यास खलनायक केले आहे आणि प्रेक्षकांसही तो नकोसा वाटतो. प्रस्तुत लेखकास मात्र दर वेळी वाटते की, त्याचा दोष एवढाच की ज्यांची बाजू तो मांडतो, ते रुग्ण पडद्यावर दिसत नाहीत. कर्क शेवटच्या मिनिटापर्यंत शोध घेतो. मुदत संपताच तो निघतोही, पण यान शक्य तितक्या संथ गतीने हाकण्याची आज्ञा देतो. हुकूम पाळला आणि मनही राखले. त्या संथपणामुळेच, उरलेले इंधन पेटवून स्पॉकने केलेली खूण वेळेवर दिसते आणि वाचलेल्या पाच जणांची सुटका होते. दोघे त्या ग्रहावरच मारले गेलेले असतात. त्यांची नावे किती प्रेक्षकांना आठवत असतील?

येथे या मालिकेच्या चाहत्यांनी फार पूर्वी हेरलेल्या एका गोष्टीचा उल्लेख करणे भाग आहे. अनोळखी ग्रहावर उतरणाऱ्या तुकडीत लाल सदरा घातलेला एखादा सुरक्षा कर्मचारी असतो आणि पहिल्या काही मिनिटांतच तो मरतो. कप्तानाच्या मुद्रेवर क्षणभर विषाद उमटतो आणि कथा पुढे सरकते. अभियंता स्कॉट आणि संदेशवहन अधिकारी उहुरा यांचेही सदरे लालच. ते वाचतात, कारण त्यांना आपण नावाने ओळखतो.

ही केवळ पटकथेची सोय नव्हे. पुढे २००५ साली नोबेल पारितोषिक मिळालेले अर्थशास्त्रज्ञ टॉमस शेलिंग यांनी १९६८ साली, म्हणजे ही मालिका चालू असतानाच, नेमक्या याच विसंगतीवर बोट ठेवले होते. एका लहान मुलीच्या शस्त्रक्रियेसाठी पैसे हवेत असे कळताच लोकांच्या देणग्यांचा ओघ सुरू होतो. परंतु विक्रीकर न वाढविल्यास रुग्णालयांची दुरवस्था होऊन थोडी अधिक माणसे दगावतील, असे सांगितले तर कोणाचाही हात खिशाकडे जात नाही. एक जीव ओळखीचा, दुसरे आकडेवारीतले.

याच वर्षी वर्गात एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, तो स्पॉक नसता, लाल सदऱ्यातला असता, तर कप्तानाने यान वळवले असते का?” उत्तर देणे जड गेले. त्याच्या आदल्याच आठवड्यात उपस्थिती कमी भरल्याने परीक्षेस बसू न देण्याच्या विद्यार्थ्यांची यादी माझ्यापुढे सहीसाठी आली होती. त्यात माझ्या ओळखीची एक मुलगी होती. वडिलांच्या आजारपणामुळे ती येऊ शकली नव्हती. तिच्यासाठी मी तडक प्राचार्यांकडे गेलो, भांडलो म्हटले तरी चालेल, आणि तिचे नाव वगळून घेतले. उरलेल्या यादीवर सही केली. तिथे होते ते केवळ हजेरी क्रमांक. त्यांच्या घरी कोण आजारी होते, हे मी विचारले नाही.

अमर्त्य सेन यांनी १९७७ सालच्या ‘रॅशनल फूल्स’ या निबंधात सहानुभूती आणि बांधिलकी यांत भेद केला आहे. दुसऱ्याचे दुःख पाहून आपल्याला यातना होतात म्हणून आपण धावतो, ती सहानुभूती. एका अर्थाने तो स्वतःचाच त्रास कमी करण्याचा मार्ग. स्वतःला झळ लागत नसतानाही अन्याय अन्याय आहे म्हणून किंमत मोजणे, ही बांधिलकी. कर्क याचे व्हल्कनकडे धावणे पहिल्या प्रकारचे. प्राचार्यांच्या दालनाकडे माझे धावणेही त्याच जातीचे होते, असे आज म्हणावे लागते.

पुढे निघालेल्या चित्रपटांत हाच हिशेब दोनदा उलटला. १९८२ सालच्या ‘द रॅथ ऑफ खान’मध्ये स्पॉक यान वाचविण्यासाठी किरणोत्सर्गाने भरलेल्या इंजिनकक्षात शिरतो. अनेकांच्या हितापुढे एकाचे हित गौण, हे त्याचे समर्थन. पण तो ‘एक’ म्हणजे तो स्वतःच होता, हे विसरता येत नाही. यादीतील दुसऱ्याच्या क्रमांकावर त्याने सही केली नव्हती. कर्क धावत येतो तेव्हा दोघांमध्ये काच असते. १९८४ सालच्या पुढील चित्रपटात कर्क त्याच मित्रासाठी यान पळवितो आणि त्या पायी यान व पुत्र दोन्ही गमावतो.

सर्वांत कमी बोलला जाणारा प्रसंग मात्र १९८६ सालच्या चौथ्या चित्रपटातला आहे. विसाव्या शतकातील सॅन फ्रान्सिस्कोत चेकॉव्ह हा कनिष्ठ अधिकारी जखमी होऊन परक्यांच्या रुग्णालयात पडला आहे. पृथ्वी वाचविण्याची कामगिरी अर्धवट राहिली आहे आणि वेळ थोडा आहे. चेकॉव्ह हा कोणाचा जिवलग नव्हे. त्याला सोडविलेच पाहिजे, असे तेथे म्हणतो तो स्पॉक. हे तर्काला धरून आहे काय, असे कर्क विचारतो. नाही, असे तो शांतपणे सांगतो, पण माणसाने करण्याजोगे तेच आहे. मग ते सारे रुग्णालयाच्या दिशेने निघतात.