काचो ए पेपे: जिन्नस तीनच, मग गुठळ्या का होतात?

आज रोमचा एक पास्ता, काचो ए पेपे. काचो म्हणजे चीज, पेपे म्हणजे मिरी. पास्ता, चीज, मिरी, संपलं! क्रीम नाही, बटर नाही, लसूणसुद्धा नाही. इतकं सोपं, तरी घरी केलं की चीजचा रबरासारखा गोळा होतो आणि पाणी वेगळं राहतं. का बरं?

यात चीज लागतं पेकोरिनो रोमानो. मेंढीच्या दुधाचं, कडक आणि चांगलंच खारट. ते जास्त तापलं, साधारण 65 अंशांच्या पुढे गेलं, की त्यातली प्रथिनं एकमेकांना चिकटतात. झाली गुठळी. त्यांना लांब ठेवतो तो स्टार्च. आपल्या भाताच्या पेजेला दाटपणा येतो ना, तो याच्यामुळेच. पास्ता शिजतानाही स्टार्च पाण्यात उतरतो, म्हणून सगळे सांगतात, 'पास्त्याचं पाणी घाला.' पण हॉटेलात त्याच पाण्यात घाण्यामागून घाणा शिजतो, पाणी दाट होतं. आपण घरी मोठ्या पातेल्यात मूठभर पास्ता टाकतो. त्या पातळ पाण्यात स्टार्च असणार तरी किती?

गंमत म्हणजे काही इटालियन भौतिकशास्त्रज्ञांनी यावर रीतसर प्रयोग केले आणि 2025 मध्ये त्यांना इग नोबेल मिळालं. त्यांचा हिशेब असा, की चीजच्या वजनाच्या दोन ते तीन टक्के स्टार्च हवा. एक टक्क्याच्याही खाली गेलात तर गुठळ्या आल्याच. रोममधला मुरलेला माणूस हे नजरेनं जमवतो. आपण वजनकाटा काढू.

दोन भुकेल्या माणसांसाठी 240 ग्रॅम स्पॅगेटी, 160 ग्रॅम चीज. 4 ग्रॅम कॉर्नफ्लोअर, म्हणजे साधारण दीड छोटा चमचा, 40 मिली गार पाण्यात कालवा आणि मंद आचेवर पारदर्शक, घट्ट होईपर्यंत ढवळा. मग त्यात थोडं गार पाणी घालून ते निववा. ही पायरी गाळू नका, सगळा खेळ तापमानाचा आहे. निवलं की किसलेलं चीज घालून मिक्सरमधून फिरवा. मिरी कोरडी भाजून खलबत्त्यात भरड कुटा, तयार पूड नको. पास्ता शिजवताना पाण्यात मीठ कमीच, चीज खारट आहे. निथळलेला पास्ता मिनिटभर निवू द्या, मग गॅस बंद ठेवूनच सॉस आणि मिरी घालून भरभर हलवा. घट्ट वाटलं तर पास्त्याचं चमचाभर पाणी.

शाकाहारी मंडळींनी मात्र एक लक्षात ठेवा. अस्सल पेकोरिनो रोमानोत दूध जमवायला कोकराचं रेनेट वापरतात. हिरवा ठिपका असलेलं कुठलंही कडक, जुनं चीज घेतलं तर चव बदलेल, पण रीत हीच. प्रोसेस्ड चीजचे क्यूब नकोत. गुठळ्या होणार नाहीत, कारण त्यात त्यासाठीचे क्षार आधीच असतात, पण मग तो चीज पास्ता झाला, काचो ए पेपे नाही!