तापलेलं चाक आणि वॉरंटीचा हक्क

मिशिगनमध्ये बोट तळ्यावर नेताना माझ्या नव्या ट्रेलरचं उजवं चाक सारखं तापायचं; हात जवळ नेला तरी धग लागायची. बोटीच्या ट्रेलरला बहुधा ‘सर्ज ब्रेक’ असतात. गाडी मंदावली की ट्रेलर पुढे रेटतो आणि त्या दाबाने जोडणीतला मास्टर सिलिंडर ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलतो. कॅलिपर अडकला, तर ब्रेक सुटत नाही आणि बेअरिंगही जळू शकतं.

विक्रेता म्हणाला, “पाण्यात बुडवता, गंजणारच.” पण हा ट्रेलर पाण्यात उतरवण्यासाठीच तर बनवलेला असतो! मी लेखी तक्रार दिली. सोबत फोटो, खरेदीची पावती, ट्रेलरचा व्हीआयएन (वाहन ओळख) क्रमांक आणि दर वेळी गोड्या पाण्याने ब्रेक धुतल्याची नोंद जोडली. अ‍ॅक्सल-ब्रेकची वॉरंटी अनेकदा वेगळ्या कंपनीची असते, तेही कागद वाचावेत. आपल्याच ब्रँडचे पार्ट विकत घ्या, अशी अट अमेरिकेच्या १९७५च्या मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्यानुसार वॉरंटीला सहसा जोडता येत नाही.

अखेर कॅलिपर फुकट बदलून मिळाला. दोष सुरक्षेचा असेल, तर अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या ‘एनएचटीएसए’ या वाहन-सुरक्षा संस्थेकडेही जरूर कळवा. रस्त्यावरच्या अनोळखी माणसांचा जीवही या ब्रेकवर अवलंबून असतो. पाठपुरावा सोडू नका.