बिऱ्हाड हलवण्याआधी परमुलखाची चौकशी

खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ आणि पलीकडे माण-खटाव. या दुष्काळी पट्ट्यात मे महिना लागला की गावं फुलतात. तमिळनाडू, केरळ, आंध्र अशा दूरदूरच्या पाट्यांच्या गाड्या वेशीत उभ्या राहतात. सोने-चांदी गलाईच्या धंद्यात गेलेली माणसं यात्रेला, लग्नकार्याला आणि सुट्टीला गावी येतात. पारावर गप्पा रंगतात आणि त्या गप्पांतच एखाद्या नव्या पोराचं ठरतं : "येतोस का कोइमतुरला? दुकानात माणूस पाहिजे."

एकट्या पोराने जाणं सोपं असतं. पिशवी उचलली की निघाला. चार वर्षांनी त्याचा जम बसतो, लग्न होतं, पोरं होतात, आणि मग खरा प्रश्न उभा राहतो. बायको-पोरांना तिकडे न्यायचं का? नेलं तर कधी? पोरांना कुठल्या शाळेत घालायचं? आजारपण आलं तर काय करायचं? मत कुठे द्यायचं? धंद्याची चौकशी आपला माणूस बारकाईने करतो. दुकानाचं भाडं, पागडी, सराफांची उधारी, सगळं विचारतो. पण ज्या मुलखात पोरं वाढणार, त्या मुलखाची चौकशी मात्र "तिकडे काय, सगळं चांगलंच आहे" एवढ्यावर संपते. पुढे हेच महागात पडतं.

आधी भाषेचं बघा

तमिळनाडू हे भाषेच्या बाबतीत फार हळवं राज्य आहे. १९६५ साली तिथे हिंदीविरोधी आंदोलनाचा भडका उडाला. १९६७ साली अण्णादुराई यांच्या नेतृत्वाखाली द्रमुकची सत्ता आली आणि १९६८ पासून शाळांत तमिळ आणि इंग्रजी असं द्विभाषा धोरण ठरलं. १९८६ नंतर देशभर नवोदय विद्यालयं निघाली, पण हिंदीच्या मुद्द्यावरून तमिळनाडूने ती आपल्याकडे येऊ दिली नाहीत. हा वाद जुना झाला असं समजू नका. २०२४-२५ साली नव्या शैक्षणिक धोरणातल्या तिसऱ्या भाषेवरून आणि पीएम-श्री शाळांवरून केंद्राने या राज्याचा समग्र शिक्षाचा २ हजार कोटींहून जास्त निधी अडवून धरला होता.

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. २०२५ साली महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदीचा विषय निघाला, तेव्हा सरकारला जूनअखेर दोन्ही आदेश मागे घ्यावे लागले. आपण मराठीसाठी जे बोललो तेच ते तमिळसाठी साठ वर्षं बोलत आलेत. तेव्हा तिकडे जाऊन "हिंदी का येत नाही तुम्हाला?" असं दुकानात म्हणण्यापेक्षा चार तमिळ शब्द शिकावेत. थोरल्या भावाला 'अण्णा' आणि थोरल्या बहिणीला 'अक्का' आपल्याकडेही म्हणतात, तिकडेही म्हणतात. सुरुवात तिथूनच करावी.

शाळेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो २००६ चा तमिळ शिक्षण कायदा. पहिलीला तमिळ सक्तीचं झालं आणि दरवर्षी एक इयत्ता वर चढत ते दहावीपर्यंत पोचलं. केरळानेही २०१७ साली मल्याळम सक्तीचा कायदा केला. याचा व्यवहारातला अर्थ असा की, पोरगं पहिली-दुसरीत तिकडे गेलं तर ते वर्षभरात पोरांबरोबर खेळता खेळता तमिळ बोलू लागतं. तेच पोरगं सातवी-आठवीत नेलं, तर गणित-विज्ञान येत असूनही ते भाषेत अडकतं आणि वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसतं. म्हणून न्यायचं तर लहानपणी न्यावं, नाहीतर शिक्षणाचा टप्पा पुरा झाल्यावर न्यावं.

दहावीचा दाखला कुठला?

सगळ्यात मोठी ठेच इथे लागते. गावाकडच्या बहुतेकांना ती बारावी झाल्यावर कळते, आणि तोवर वेळ गेलेली असते.

पोरगी हुशार निघाली, तिला डॉक्टर व्हायचंय. नीटचे गुण चांगले पडले. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्याच्या आणि ८५ टक्के राज्याच्या. महाराष्ट्राच्या त्या ८५ टक्क्यांत बसायचं तर अधिवासाचा दाखला तर हवाच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-महाविद्यालयांतून झालेली असावी लागते. सरकारी नोकरांच्या मुलांसाठी काही सवलती आहेत, धंद्यासाठी गेलेल्यांसाठी नाहीत. बाप सात पिढ्यांचा खानापूर तालुक्यातला, सातबाऱ्यावर नाव, गावात घर, पण लेकीची दहावी सेलमची. की इकडचं दार बंद. तिकडच्या राज्याच्या कोट्याला तिकडच्या रहिवासाच्या अटी वेगळ्या. मग उरतो तो १५ टक्क्यांचा देशपातळीवरचा बाजार, नाहीतर खासगी महाविद्यालयाची भरमसाट फी.

अभियांत्रिकीला नियम थोडे सैल आहेत. आई किंवा वडिलांच्या अधिवासावर तिथे मार्ग निघू शकतो. पण दरवर्षीची प्रवेश नियमपुस्तिका वाचल्याशिवाय कुणाच्या सांगण्यावर विसंबू नये.

तेव्हा निर्णय घ्यायचा तो आठवी-नववीत. मूल कोणत्या वाटेने जाणार याचा थोडा तरी अंदाज घ्यावा. इकडे दहावी-बारावी करायची असेल तर आजीकडे ठेवायचं की वसतिगृहात, हे तेव्हाच ठरवावं. आणि तिकडेच ठेवायचं असेल तर तिकडचे रहिवासाचे कागद वेळेत उभे करावेत. एक पाय इकडे, एक पाय तिकडे अशात पोरांचं नुकसान होतं.

शाळा बदलताना दाखल्याचाही घोळ होतो. परराज्यात जाताना शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी मागतात. ती गावातून निघण्याआधीच घ्यावी. नंतर एका सहीसाठी सांगलीची खेप पडते. मात्र आठवीपर्यंत दाखला यायला उशीर झाला म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, असं २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. हे लक्षात ठेवावं आणि गरज पडली तर नम्रपणे बोलूनही दाखवावं.

जातीचा दाखला वेशीवर थांबतो

इकडचा जातीचा दाखला तिकडे चालेल, हाही असाच एक गैरसमज. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० साली आणि पुन्हा २०१८ साली हे स्पष्ट केलंय. एका राज्यातला अनुसूचित जातीचा माणूस दुसऱ्या राज्यात स्थलांतर करून गेला, तर त्या राज्याच्या नोकऱ्यांत आणि प्रवेशांत त्याला आरक्षण मागता येत नाही. मराठा समाजासाठी २०२४ साली झालेला १० टक्क्यांचा कायदाही महाराष्ट्रापुरताच. आर्थिक दुर्बलांसाठी २०१९ साली घटनादुरुस्तीने १० टक्के आरक्षण आलं, पण तमिळनाडूने आपल्या राज्याच्या जागांत ते लागू केलं नाही. तिथे ६९ टक्के आरक्षणाचा स्वतःचा कायदा आहे आणि तो त्यांच्या यादीतल्या जातींसाठी आहे. म्हणजे तिकडे आपलं पोर खुल्या गटात गेलं असंच धरून चालावं. केंद्राच्या नोकऱ्या आणि केंद्राच्या संस्था यांचा हिशेब वेगळा. त्यासाठी गावाकडचे दाखले जपून ठेवावेत, अद्ययावत ठेवावेत.

दवाखाना आणि लोकांची समजूत

तमिळनाडूची सरकारी आरोग्यसेवा देशात नावाजलेली आहे. सरकारी दवाखान्यांसाठी औषधांची एकत्र खरेदी करणारं त्यांचं महामंडळ १९९४ साली स्थापन झालं, आणि पुढे इतर राज्यांनी त्याचा कित्ता गिरवला. २०२१ साली तर मधुमेह आणि रक्तदाबाच्या रोग्यांना घरपोच औषध देण्याची योजना निघाली. आपल्याकडचा माणूस सरकारी दवाखाना म्हटला की नाक मुरडतो आणि खासगीत जाऊन कर्ज करतो. तिकडे जाऊन एकदा प्राथमिक आरोग्य केंद्राची सकाळची रांग बघावी, मग ठरवावं.

लोकांची समजूतही बघावी. तमिळनाडूत सिद्ध वैद्यकावर जुना विश्वास आहे. चेन्नईजवळ तांबरमला राष्ट्रीय सिद्ध संस्था आहे, आणि डेंगीची साथ आली की 'निलवेंबू' नावाचा कडू काढा सरकारी केंद्रांतूनच वाटला जातो. शेजारीण प्रेमाने देते म्हणून प्यायला हरकत नाही, पण ताप उतरला नाही तर रक्त तपासायला जावंच. केरळात शिक्षण भरपूर, तरी मलप्पुरम जिल्ह्यात लसीकरणाला नकार देणारी कुटुंबं होती आणि २०१६ साली तिथे घटसर्पाने डोकं वर काढलं. आपल्या मुलांचे सगळे डोस झालेले असावेत, आणि माता-बाल संरक्षण कार्ड सामानाच्या तळाशी नव्हे, हाताशी असावं. केरळात २०२४ आणि २०२५ साली दूषित पाण्यातल्या अमिबामुळे होणाऱ्या मेंदूज्वराचे रुग्ण आढळले. आपली पोरं विहिरीत-तळ्यात उड्या मारून वाढलेली असतात. तिथे साचलेल्या पाण्यात त्यांना सोडू नये.

आता कार्डाचं. महात्मा फुले जनआरोग्य योजना महाराष्ट्राची आहे. कोचीच्या दवाखान्यात ती चालेल या भरवशावर राहू नये. आयुष्मान भारतचं कार्ड मात्र देशभरच्या संलग्न दवाखान्यांत चालतं. ७० वर्षांवरच्या सगळ्यांना ते २०२४ च्या ऑक्टोबरपासून उत्पन्न न बघता मिळू लागलं. म्हाताऱ्या आई-वडिलांना बरोबर नेणार असाल तर त्यांचं कार्ड आधी काढा. राज्याच्या स्वतःच्या विमा योजनेसाठी त्या राज्याचं रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला लागतो.

रेशनचंही तसंच. 'एक देश एक रेशनकार्ड' २०२२ पर्यंत सगळ्या राज्यांत पोचलं. अंत्योदय किंवा प्राधान्य गटातलं कार्ड असेल तर केंद्राचं धान्य तिकडच्या दुकानात अंगठा लावून मिळतं. थोडं धान्य गावी आजीने आणि थोडं तिकडे लेकाने उचललं तरी चालतं. पण राज्य आपल्या पदरचं जे जादा देतं, ते बाहेरच्या कार्डावर मिळत नाही.

राजकारण कळलं पाहिजे

"आपल्याला काय करायचंय राजकारण?" असं म्हणणारे पुष्कळ. पण परमुलखात धंदा करणाऱ्याला ते कळलं पाहिजे. तमिळनाडूत १९६७ पासून २०२१ पर्यंतच्या प्रत्येक विधानसभा निवडणुकीत द्रमुक किंवा अण्णाद्रमुक यांपैकीच कुणीतरी जिंकलं. आपल्याकडच्या पक्षांची गणितं तिकडे लावू गेलं तर हसू होतं. पेरियार रामस्वामींचा पुतळा गावोगाव दिसतो. कोणत्या नावाने तिथला माणूस हळवा होतो आणि कोणत्या नावाने चिडतो, हे गल्ल्यावर बसणाऱ्याला ठाऊक असलेलं बरं.

केरळात कामगार संघटना बळकट. तिथे 'नोक्कुकूली' नावाचा प्रकार होता. नोक्कु म्हणजे बघणं, कूली म्हणजे मजुरी. सामान तुम्हीच उतरवा, हमालांनी नुसतं उभं राहून बघितलं तरी मजुरी द्यायची! सरकारने १ मे २०१८ पासून त्यावर बंदी आणली. तरी बिऱ्हाडाचा टेम्पो रिकामा करण्याआधी तिथल्या आपल्या माणसाला विचारून घ्यावं. हरताळ पडला की दुकान बंद ठेवावं लागतं, हेही खर्चात धरावं.

मताचा विषय नाजूक. मत गावात राहिलं तर ग्रामपंचायतीला, सोसायटीला आपली किंमत राहते. सरपंचपदाच्या उमेदवाराने पाठवलेली गाडी कोण विसरेल! पण जिथे पाणी, रस्ता, शाळा वापरतो तिथल्या नगरसेवकाला मात्र आपण दिसतच नाही. कायदा एवढंच सांगतो की नाव एकाच ठिकाणी असावं. दोन्हीकडे नाव ठेवणं, खोटं निवेदन करणं हा गुन्हा आहे. राहणं कायमचं झालं असेल तर नमुना ८ भरून नाव हलवता येतं. २०२५ च्या नोव्हेंबरात तमिळनाडू आणि केरळात मतदार याद्यांची विशेष फेरतपासणी सुरू झाली, तेव्हा वीस वर्षांमागच्या यादीतलं स्वतःचं किंवा आई-वडिलांचं नाव विचारलं गेलं. अशा वेळी गावाकडच्या जुन्या यादीची प्रत घरात असलेली उपयोगी पडते.

चौकशी कुणाकडे करावी?

ज्याचं दुकान जोरात चाललंय त्याला विचारलं तर तो धंद्याचंच सांगणार. त्याच्या घरात जाऊन वहिनींना विचारावं. पाणी किती दिवसांनी येतं, पोरं शाळेत रमली का, बाळंतपण कुठे झालं, शेजारीपाजारी कसे आहेत, रात्री दुखलं-खुपलं तर कोण धावून येतं, हे त्यांनाच ठाऊक असतं. जे परत आले त्यांनाही विचारावं. ते का आले याचं उत्तर पारावर मिळत नाही, चहा पिताना हळूच मिळतं.

आणि बायकोला न विचारता बिऱ्हाड हलवू नये. पुरुषमाणूस दिवसभर दुकानात चार लोकांत असतो, गावच्या माणसांशी फोनवर बोलतो. परकी भाषा, बंद दार आणि तान्हं मूल हे दिवसभर तिच्या वाट्याला येतं. शक्य असेल तर एखाद्या सुट्टीत महिनाभर सगळ्यांनी जाऊन राहावं. शाळा सुटते त्या वेळेला फाटकाशी उभं राहावं, दवाखान्यात एक चक्कर मारावी, आठवड्याचा बाजार करून बघावा.

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे तंजावरला गेले आणि १८५५ पर्यंत तिथे मराठ्यांचं राज्य टिकलं. त्या घराण्याने तमिळ, तेलुगू आपलीशी केली, म्हणून ती माणसं तिथली झाली. टेंभूचं पाणी आल्यावर या भागातली शिवारं हिरवी होऊ लागलीत, तरी बाहेर जाणाऱ्यांची वाट काही थांबलेली नाही. जायचं तर खुशाल जावं. फक्त दुकानाच्या भाड्याइतकी तरी घासाघीस पोरांच्या शाळेसाठी करावी, आणि लेकीची दहावी कुठे व्हायची हे तिची नववी सुरू होण्याआधी घरात बसून ठरवावं.