गॅस म्हणजे कोणता गॅस?

चाळीसगावातल्या एखाद्या घरात कान देऊन ऐका. ‘गॅस बंद कर’ म्हणजे शेगडी विझव. ‘गॅस संपला’ म्हणजे सिलिंडर रिकामे झाले. आजोबांना ‘गॅस झाला’ म्हणजे पोट फुगले. पूर्वी वरातीत डोक्यावरून मिरवत तो ‘गॅस’ म्हणजे रॉकेलच्या वाफेवर पेटणारी बत्ती. शब्द एक, अर्थ चार!

सतराव्या शतकात व्हान हेल्माँट या शास्त्रज्ञाने ग्रीक ‘केऑस’वरून हा शब्द घडवला. शास्त्रात गॅस म्हणजे वायू, पदार्थाची एक अवस्था. त्याला स्वतःचा आकार नसतो. मिळेल ती जागा तो व्यापतो.

गंमत अशी, की भरलेल्या सिलिंडरात मुख्यतः द्रवच असतो! प्रोपेन व ब्युटेन हे वायू दाबाखाली द्रवरूप होतात. दाब कमी होताच त्यांचा पुन्हा वायू बनतो व तो शेगडीत जळतो.

गोबरगॅसमध्ये जळतो तो मिथेन. तो हवेपेक्षा हलका असतो. सिलिंडरातला वायू मात्र हवेच्या दीड ते दोन पट जड. गळला, की तो जमिनीलगत साचतो. त्याला मूळचा वास नसतो. गळती कळावी म्हणून उग्र वासाचे मरकॅप्टन त्यात मिसळतात. तो वास येताच काडी ओढू नका, विजेच्या बटणाला हात लावू नका. रेग्युलेटर बंद करा आणि खिडक्यांबरोबर दारही सताड उघडा.

खाली साचलेला वायू नुसत्या उंच खिडकीतून कसा जाईल बरे?