आजीच्या डब्यातली जीन बँक

थंडी पडली की वसईत उकडहंडीचे बेत ठरू लागतात. कोनफळ, रताळी, वांगी आणि हवीच हवी ती वालाची पापडी! मिटक्या मारत खाताना तिचं बी कुठून आलं, असा प्रश्न कधी पडलाय तुम्हाला?

वाल हे कोकणाचं जुनं पीक. भात कापला की जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर येणारं. पण त्याचे नखरेही आहेत. पारंपरिक वाल दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही. त्यात पांढरी माशी पिवळ्या मोझॅकचा विषाणू पसरवते. पानं पिवळी पडतात, शेंगा घटतात. रोगट झाड बरं करणारं औषध नाही; फवारणी होते ती माशीवर. म्हणून मुळातच रोगाला दाद न देणारा वाण हवा.

तो कसा घडतो? बारावीतला मेंडेल आठवा. न उमललेल्या कळीतले पुंकेसर चिमट्याने अलगद काढायचे आणि दुसऱ्या झाडाचे परागकण लावायचे. एक झाड चवीचं, दुसरं रोगाशी झुंजणारं. पुढच्या पिढ्यांत गुणांची सरमिसळ होते. त्यातून हवी ती झाडं निवडत सहा-सात पिढ्या जायचं, मग गावोगावी चाचण्या. अकरावीत केलेल्या संकराचं बी शेतकऱ्याच्या हाती पडेपर्यंत तुमची पीएचडीसुद्धा होऊन जाईल!

हे काम आपल्याकडे झालंय. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण वाल-१’, ‘कोकण वाल-२’ आणि शेंगांसाठी ‘कोकण भूषण’ दिले. बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचे ‘अर्का जय’ आणि ‘अर्का विजय’ तर लहान दिवसांची वाट न बघता फुलतात.

मग जुनं बी कशाला सांभाळायचं? याचं उत्तर डेन्मार्कच्या विल्हेल्म योहानसन यांनी 1903 मध्ये घेवड्यावरच्या प्रयोगांतून दिलं. मिश्र बियाण्यातून निवड केली की फरक पडतो. पण एकाच शुद्ध वंशातले मोठे दाणे पेरा की लहान, पुढच्या पिढीचं सरासरी वजन तेच राहतं. थोडक्यात, वैविध्यच नसेल तर निवडणार काय? उद्या नवा रोग आला, तर त्याला पुरून उरणारा जीन कदाचित कुणाच्या तरी वाडीतल्या जांभळ्या शेंगेत असेल.

आणि वसई-विरारमध्ये वाड्यांच्या जागी टॉवर उभे राहताहेत. वाडी गेली की तिथलं बीही जातं, कुणाला कळायच्या आत.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वालासह कितीतरी गावरान वाण जपले. 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्याकडे कुठलीही डिग्री नव्हती. 2001 च्या कायद्यानेही शेतकऱ्याला स्वतःचं बी राखण्याचा, पेरण्याचा आणि वाटण्याचा हक्क दिलाय.

तेव्हा या हिवाळ्यात एक करा. ओळखीच्या वाडीतल्या आजीकडून मूठभर वाल मागा. गाव, शेंगेचा रंग, फुलोऱ्याचा महिना आणि आजी त्याला काय म्हणते, हे चिठ्ठीवर लिहा. चिठ्ठी बियांसोबत कोरड्या बरणीत ठेवा. चार दाणे मात्र गॅलरीतल्या कुंडीत लावा. बी नुसतं ठेवून टिकत नाही, ते पेरावं लागतं.