चिकपेटचा उजेड, चंद्रपूरची धूळ

बेंगळूरुच्या चिकपेटमधील रेशमी साड्यांच्या दुकानांत भर दुपारीही दिवे लागलेले असतात. त्या उजेडाचा उगम शोधू गेलो, तेव्हा वाट महाराष्ट्रात पोहोचली. कर्नाटकाच्या वीजजाळ्यात अनेक केंद्रांची वीज मिसळते. बल्लारीजवळचे १७०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र त्यांपैकी एक. ते चालविणाऱ्या कर्नाटक पॉवर कॉर्पोरेशनच्या कोळसा खाणी चंद्रपूर जिल्ह्यात, भद्रावती तालुक्यातील बरांज येथे आहेत.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९च्या निर्देशांकात ८३.८८ गुण घेऊन चंद्रपूर देशात चौथे होते. उघड्या खाणी, कोळशाचे ट्रक, वीज केंद्रांच्या चिमण्या, घरोघरच्या शेगड्या: दोषी अनेक असले की प्रत्येकाला दुसऱ्याकडे बोट दाखविता येते. परंतु धूळ स्वतःची ओळख लपवीत नाही. चिमणीतून उडालेल्या राखेचे कण सूक्ष्मदर्शकाखाली बहुधा गोल दिसतात, रस्त्यावरच्या मातीचे ओबडधोबड. शेगडीच्या धुरात अर्धवट जळलेला कार्बन अधिक. कण गोळा करून प्रत्येकाचा वाटा ठरविता येतो आणि वाटा ठरला की जबाबदारीही.

त्या हिशेबात एक रकाना मात्र राहून जातो, तो दूरच्या ग्राहकाचा. कोळसा कर्नाटकासाठी निघत असेल, तर बरांजची धूळ मोजण्याचा आणि आवरण्याचा खर्चही कर्नाटकाने उचलावयास हवा. आम्हां बेंगळूरुकरांच्या वीजबिलात तो उमटला, तर तक्रार करण्याचा नैतिक अधिकार मला तरी नाही.