विझवणाऱ्या विकराची साठ वर्षं

प्रोस्टाग्लँडिन म्हटलं की ॲस्पिरिन आठवतं. ॲस्पिरिन त्याची निर्मिती रोखतं हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. १९८२ च्या नोबेलचे एक मानकरी ते होते. पण तयार झालेलं प्रोस्टाग्लँडिन पुढे जातं कुठे? या प्रश्नाची फार काळ आबाळ झाली, असं मला वाटतं.

खरं तर त्याचं उत्तर आधीच हाती आलं होतं. १९६४ मध्ये स्वीडनच्या एंगार्ड आणि सॅम्युएल्सन यांना फुप्फुसात १५-पीजीडीएच हे विकर सापडलं. रेणूतल्या पंधराव्या कार्बनवरच्या हायड्रॉक्सिल गटाचं ते ऑक्सिडीकरण करतं आणि रेणूचा जोर जवळजवळ संपतो. १९६७ मध्ये फरेरा आणि वेन यांना दिसलं, की फुप्फुसातून एकदा फिरून येताना प्रोस्टाग्लँडिन ई बहुतांश नाहीसं होतं. जन्मजात हृदयदोष असलेल्या काही बाळांची डक्टस ही रक्तवाहिनी उघडी ठेवायला प्रोस्टाग्लँडिन ई औषध म्हणून सलग ठिबकत द्यावं लागतं, ते यामुळेच.

कार्बोप्रॉस्ट या प्रोस्टाग्लँडिनपासून बनवलेल्या औषधात त्याच पंधराव्या कार्बनवर एक मिथाइल गट जोडलेला आहे. तिथे विकराचं काही चालत नाही. बाळंतपणानंतर गर्भाशय आकसत नाही, रक्त थांबत नाही, तेव्हा लेबर रूमच्या फ्रीजमधून त्याची ॲम्प्युल धावत आणली जाते आणि इंजेक्शन स्नायूत दिलं जातं. रेणूतला एवढासा बदल, पण त्याने बायकांचे जीव वाचलेत.

आणि विकर जन्मतःच निकामी असेल तर? बोटांची टोकं फुगतात, नखं घड्याळाच्या काचेसारखी गोल होतात, सांधे दुखतात, हाडांवर नवा थर चढतो. फुगीर बोटांचं हे लक्षण हिपोक्रेटसच्या काळापासून वैद्यांना ठाऊक होतं. या आनुवंशिक आजारामागे याच विकराचं बिघडलेलं जनुक असल्याचं लीड्सच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिलं.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगात हे विकर हरवतं आणि ते असलं तर गाठीला आवर घालतं, हे सॅनफर्ड मार्कोविट्झ यांच्या गटाने २००४ मध्ये मांडलं. त्याच मार्कोविट्झ यांच्या गटाने २०१५ मध्ये विकर अडवणारं रसायन उंदरांना दिलं, तर अस्थिमज्जा, आतडं आणि यकृत लवकर भरून आलं. २०२१ मध्ये स्टॅनफर्डच्या हेलन ब्लाऊ यांच्या गटाने तसाच उपाय करून म्हाताऱ्या उंदरांच्या स्नायूंची ताकद वाढवली. असं औषध म्हाताऱ्या माणसांना द्यायचं झालं, तर ताकद मोजणाऱ्यांनी आतड्याचीही तपासणी करायला हवी, आणि ती वर्षानुवर्षं.